कासारमामांना दिलेला आहेर

कासारमामांवर मी आजवर पुष्कळ बोललो आहे. त्यांच्या साठीला बोललो, शोकसभेत बोललो, आणि दर पुण्यतिथीला कुणीतरी गाडी घेऊन दाराशी येतं म्हणून अजूनही बोलतो. लोक म्हणतात, मास्तरांनी मामांना जवळून पाहिलंय. ते खरं आहे. म्हणूनच जे सांगायला हवं होतं तेवढं सोडून बाकीचं सगळं सांगत आलो. आता पनवेलच्या बाजारातल्या एका चौकाला मामांचं नाव द्यायचं ठरलं आहे, आणि त्या निमित्तानं निघणाऱ्या पुस्तिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला आहे. "सर, ती बांगड्यांची गोष्ट मात्र आलीच पाहिजे," असं कार्यकर्ते मुलं बजावून गेली. लिहितो. या खेपेला जशी घडली तशी लिहितो. माझं वय असं आहे की पुढच्या खेपेचा भरवसा धरता येत नाही, आणि खरं सांगायचं तर ती गोष्ट खोटी सांगण्याचा मला आता थकवा आला आहे.

मामांना भेटलेल्या माणसाला त्यांच्या चेहऱ्याआधी त्यांचा हात आठवतो. नुसता नमस्कार करून ते थांबत नसत. समोरच्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे आणि अंगठ्याच्या मुळाशी हलकेच दाबून पाहायचे. बांगडी अडते ती तिथंच. जन्मानं आणि धंद्यानं कासार, त्यामुळे हात दिसला की बोटं आपोआप तिकडे जायची. मुंबईत एका मंत्र्यांचा हात त्यांनी असाच धरला तेव्हा मंत्री म्हणाले, "काय आमदार, नाडी बघताय?" मामा म्हणाले, "नाही साहेब, माप. अडीचचा हात आहे तुमचा. आमच्याकडे एवढा हात कोळणीचा असतो." मंत्री हसले, पण हात त्यांनी जरा लवकर काढून घेतला. पहिल्या भेटीत माझाही हात त्यांनी दाबला होता. "मास्तर, मऊ आहे. सव्वादोन सहज जाईल," असं म्हणाले. मी तेव्हा नुकता हायस्कुलात लागलो होतो आणि मला स्वतःबद्दल बरंच काही वाटत असे. मला ते लागलं होतं.

आमदार होण्याआधी ते खांद्यावर बांगड्यांच्या माळा आणि हातात पत्र्याची पेटी घेऊन खाडीकाठची गावं पायी फिरायचे. शेतकऱ्यांची गावं, मिठागरवाल्यांची गावं. ओटीवर बसायचं, साबणाच्या पाण्याची वाटी मागायची, की आतून एकेक बाई येऊन हात पुढे करायची. पुरुष माणसानं बाईचा हात हातात घ्यायची मुभा आपल्याकडे वैद्याला आणि कासाराला. बांगड्या भरून झाल्या की बाई वाकून कासाराला नमस्कार करते, सासूला केल्यासारखा, आणि तो "अखंड राहा" म्हणतो. मामा सांगायचे, "बाईचा हात कासाराच्या हातात असतो तेवढा वेळ ती कुणाची सून नसते." म्हणजे तेवढ्या वेळात ती बोलते. नवरा काय करतो, मिठागरावर मजुरी किती कापली, विहिरीचं पाणी कधी खारं झालं, सगळं. मान खाली घालून बांगडी सरकवत मामा नुसतं "हं" म्हणायचे. गावातल्या पाटलाला जे ठाऊक नसे ते त्यांना ठाऊक असायचं, आणि त्यांनी ते कधी दुसऱ्या ओटीवर नेलं नाही.

मिठागरावरच्या बायकांचा संप हे त्यांचं पहिलं राजकारण. तेव्हा त्यांना समाजवाद हा शब्दही नीट ठाऊक नव्हता. मिठानं चिरलेल्या हातांत बांगडी भरताना बाया कळवळायच्या. एका बाईच्या हाताला रक्ताची धार लागली तेव्हा मामांनी पेटी बंद केली आणि विचारलं, "तुझ्या मालकाचं घर कुठलं?" तिथून ते जे गेले ते पुढे कित्येक वर्षं धंद्यात पुरते परत आलेच नाहीत. आम्ही पनवेलची समाजवादी मंडळी म्हणजे दोन-चार मास्तर आणि तेवढेच वकील. विधानसभेच्या तिकिटासाठी आमच्या दोन वकिलांत जुंपली होती आणि कुणी माघार घेईना. शेवटी दोघांनाही चालेल असा, म्हणजे दोघांच्याही मते पडेल असा, माणूस म्हणून कासारमामांना उभं केलं. ते निवडून आले. गावोगावच्या बायका पहाटेच रांगेत उभ्या होत्या.

आमदार झाल्यावर दुकान मामींनी सांभाळलं. जुन्या बाजारातल्या गल्लीत, दोन पायऱ्या चढून जायचं ते अरुंद दुकान. मामी बोलायला फटकळ. मामा एसटीनं मुंबईला निघाले की म्हणायच्या, "तिकडे कायदे करा, पण येताना मेणबत्त्या आणा, दिवे जातायत." लग्नाचा चुडा कुणी मागितला तर त्यांची एक रीत होती. दोन्ही हातांच्या बांगड्यांवर आपल्याकडची एकेक जास्त ठेवायच्या, आणि गुलाबी कागदात बांधताना वर हळदकुंकवाची चिमूट सोडायच्या. म्हणायच्या, "एखादी वाढली तर पोरीचा हात मोकळा दिसायला नको." बांगडी फुटली असं कासाराच्या घरात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आमदार झाल्यावरही जवळच्या लग्नांना मामा स्वतः चुडा भरायला जायचे. नवरीच्या आया कौतुकानं सांगायच्या, आमच्या पोरीला आमदारानी बांगड्या भरल्या.

आणि याच माणसाला आम्हा सगळ्यांची एक सवय खटकायची. मोर्चा नेला, अधिकारी दाद देईना, की त्याच्या टेबलावर बांगड्या ठेवायच्या. हातात बांगड्या भरा, म्हणायचं. एकदा तहसील कचेरीवर आम्ही ताट सजवून नेलं तेव्हा मामा पुढे झाले आणि ताटातल्या बांगड्या एकेक करून आपल्या पिशवीत टाकल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मास्तर, या मी बनवून घेतो, मी विकतो, मी भरतो. त्या काय शिवी आहेत?" विधानसभेतही एका सदस्यानं कुणाला तरी तसा टोमणा मारला तेव्हा मामा उभे राहिले. "अध्यक्षमहोदय, बांगड्या भरलेल्या हातांनी मिठाच्या पाट्या उचललेल्या मी रोज पाहिल्यात. सन्माननीय सदस्यांनी एक उचलून दाखवावी, मी माझे शब्द मागे घेतो." सभागृह हसलं. त्यानंतर आमच्या पक्षात बांगड्यांचा आहेर बंद झाला. हे मी मुद्दाम लिहितो आहे. पुढे मी जे केलं ते न कळत केलेलं नाही, हे वाचणाऱ्याला कळावं.

त्या काळात खाडीकाठच्या गावांवर जमिनी घेण्याच्या नोटिसा येत होत्या. इकडे नवं शहर, तिकडे न्हावा शेवाला बंदर. एक इंचही देणार नाही, ही आमची घोषणा. ती मीच केली होती आणि भिंतीभिंतीवर रंगवून घेतली होती. पण मोजणीवाले यायचे थांबेनात, आणि काही घरांनी गुपचूप मोबदला उचलला. एका रविवारी सकाळी माझ्या घरी आम्ही पाच जण जमलो. मामा, मी, दोघं वकील आणि मिठागर संघटनेचा एक जण. बायकोनं पोहे केले होते. मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "जमीन वाचत नाही. हे मला बायांनी सांगितलंय. पुरुष अजून घोषणा देतायत आणि बाया भांडी कुठं न्यायची ते ठरवतायत. नुसता मोबदला आला तर तो गुत्त्यावर संपेल. त्यापेक्षा गावाला लागून बांधायला तयार अशी थोडी जमीन परत मागू. आणि तिच्या कागदावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव मागू."

हात वर करायला लावायची मामांची पद्धत नव्हती. एकेकाकडे बघून "तुमचं काय?" असं विचारायचे. मी त्यांच्या शेजारी होतो. सगळ्यांत आधी हो मी म्हटलं. नुसतं हो नाही, बायकोच्या नावाची कल्पना किती दूरदृष्टीची आहे यावर दोन वाक्यंही बोललो. मग बाकीचे तिघं हो म्हणाले. उठताना मामांनी नेहमीचं वाक्य म्हटलं, "ठरवायचं सगळ्यांनी, बोलायचं एकानं. उद्या चिडले तर एकावर चिडू देत." आम्ही हसलो. तो एक कोण, हे वेगळं सांगायची गरज कुणालाच वाटली नाही.

पुढच्या आठवड्यात मामा एका गावात जाऊन हे बोलले आणि भडका उडाला. जमीन द्यायची म्हणून काही लोक चिडले, पण त्याहून जास्त चिडले ते बायकोच्या नावावरून. "म्हंजी उद्या ती आमाला घराभायेर काढल," असं भर सभेत एक जण म्हणाला आणि सगळे पुरुष उठून गेले. चार दिवसांत तालुकाभर झालं की आमदार विकला गेला. बंदरवाल्यांनी मुंबईत घर दिलंय, असंही कुणी सांगू लागलं. आमच्या दोघा वकिलांना अचानक बाहेरगावची कामं निघाली. संघटनेचा माणूस भेटेना. आणि एका संध्याकाळी त्या गावचे म्हातारे पाटील आठ-दहा माणसं घेऊन माझ्या पडवीत येऊन बसले.

"मास्तर, तुमी आमच्या पोरांना शिकवता," पाटील म्हणाले. "तुमी आमाला खोटा सांगनार नाय. आमदारानी ह्या एकट्यानी ठरवला, का तुमी पन व्हतात?"

मी म्हणालो, "एकट्यानं."

"तुमाला इचारला नाय?"

"नाही."

आतल्या दारात बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. त्या रविवारी तिनंच पोहे वाढले होते. ती तांब्या तिथंच ठेवून आत गेली. पाटील उठताना म्हणाले, "मंग भर सभेत तुमीच त्याला जाब इचारा. तुमच्यावर लोकांचा इश्वास हाय."

मी लोकांना घाबरावं असं काही नव्हतं. ते मला मारणार नव्हते. माझी भिंतीवरची घोषणा आणि माझा हो, दोन्ही एकदम उघडे पडले असते, एवढंच होतं. शाळेत, रस्त्यात, एसटीत लोक मला ज्या नजरेनं बघायचे ती नजर गेली असती. तेवढ्यासाठी केलं. सभेत जाब विचारला तर मामांना उत्तर द्यावं लागेल आणि उत्तरात नावं येतील, हे मला दिसत होतं. म्हणून असं काहीतरी हवं होतं की त्यानंतर उत्तर ऐकायला कुणी थांबणारच नाही. तसली एकच गोष्ट मला ठाऊक होती.

आधी मी संघटनेतल्या एका बाईला विचारलं. म्हटलं, तुम्ही बायांनी एकेक बांगडी उतरवून द्या, ती जास्त बोचेल. ती मिठागरावर पाट्या वाहणारी. तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "मास्तर, माजा दाल्ला जिता हाय. हात उघडा करू? आनि ह्या भरल्या कोनी? त्यानीच ना? त्याचाच त्याला देऊ?" मग हसून म्हणाली, "दिल्या तरी तो परत माज्याच हातात भरल." मी विषय बदलला.

सभेच्या दिवशी सकाळी मी बाजारात गेलो आणि बांगड्या घेतल्या. कुठून घेतल्या, हे सांगितलं तर आज कुणाला खरं वाटणार नाही. पनवेलच्या माणसाला बांगड्या म्हटलं की पाय त्याच गल्लीत वळत. मी त्या दोन पायऱ्या चढलो आणि मामी समोर दिसल्या तेव्हा भानावर आलो. मागे फिरलो असतो तर त्यांनी विचारलं असतं. "काय मास्तर, आज इकडे कुठे?" त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "हिरवा चुडा हवा होता." "कुणाचं लग्न?" मी म्हणालो, "बहिणीचं." मला बहीण नाही. मामींचा चेहरा फुलला. "सांगितलं नाहीत ते! मामांना कळलं तर रागावतील. माप?" मी काहीतरी सांगितलं. त्यांनी वरच्या फळीवरचा चांगला डबा काढला, एकेक बांगडी वाजवून बघितली, दोन्ही हातांवर आपली एकेक ठेवली, गुलाबी कागदात बांधलं. हळदकुंकू घालायला त्या विसरल्या नाहीत.

सभा दुपारची होती. मी व्यासपीठावर मामांच्या शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. पुडी मी आधीच गर्दीत एकाच्या हाती दिली होती. मामा बोलायला उभे राहिले आणि खालून ओरडा झाला, "आमदारांना आहेर!" पुडी हातोहात पुढे आली आणि त्यांच्या समोर पडली. लोक टाळ्या पिटत होते. मामांनी सावकाश दोरा सोडला. कागद उलगडला तशी हळद त्यांच्या धोतरावर सांडली. त्यांनी त्या हळदीकडे बघितलं, मग दोऱ्याच्या गाठीकडे. सभेआधी मामा जेवायला घरी गेले होते तेव्हा मामींनी त्यांना सांगितलं होतं की मास्तरांच्या बहिणीचं लग्न आहे, आपल्याला जायला हवं. हे मला फार उशिरा कळलं. पण त्या क्षणी त्यांना सगळं कळलं होतं, आणि तरी त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही. त्यांनी मान वळवली असती तर समोरच्या हजार माणसांनी माझ्याकडे बघितलं असतं.

मामा माईकमध्ये म्हणाले, "भरायच्या होत्या तर माप तरी घ्यायचं." लोक हसले. मग त्यांनी अंगठा तळव्यात दुमडला आणि एक बांगडी चढवली. दुसरी चढवली. घाई नाही, राग नाही, ओटीवर बसून दुसऱ्याच्या हातात भरावी तशी. हसणं हळूहळू थांबलं. मागे बायका बसल्या होत्या, त्यांच्यातली एकही हलेना. सगळ्या भरून झाल्यावर मामा म्हणाले, "भरल्यावर नमस्कार करायचा असतो." आणि ते गर्दीपुढे वाकले. पूर्ण वाकले, नवी सून वाकते तसे. मग खुर्चीत येऊन बसले. ते एक शब्दही पुढे बोलले नाहीत. कुणाकुणाला विचारून ठरवलं, त्यांनी सांगितलं नाही. मी उभा राहिलो आणि आभार मानले. सभा संपवणं हे माझं काम होतं.

पुढची निवडणूक ते हरले. घरी भेटायला आलेल्यांना ते म्हणाले, "कासाराच्या घरात पडली-फुटली म्हणत नाहीत. आमदारकी वाढली म्हणा." मामी आतून म्हणाल्या, "वाढली ती वाढली, आता दुकानाचे खण झाडायला घ्या." ते परत दुकानात बसू लागले. त्यांची जागा पक्षात मला मिळाली. मी नगरपालिकेत गेलो, दोन शाळांचा विश्वस्त झालो. मामांच्या बांगड्यांची गोष्ट हळूहळू आमच्या पक्षाची अभिमानाची गोष्ट झाली. विरोधकांनी आहेर पाठवला आणि मामांनी तो मानानं स्वीकारला, अशी. ती तशी पहिल्यांदा मीच सांगितली. मग सगळे सांगू लागले.

वर्षं गेली तशी गावांना जमीन मिळाली. मामा म्हणाले होते जवळजवळ तशीच, दुसऱ्यांच्या हातून. फक्त बायकोचं नाव कागदावर आलं नाही, ते मागायला कुणी उरलं नव्हतं. त्या जमिनींवर आज इमारती आहेत, कुणाचे ट्रक कळंबोलीत उभे असतात. आणि काहींचं सगळं दोन-तीन वर्षांत उडालं. जिनं मला बांगडी द्यायचं नाकारलं होतं ती बाई मला कामोठ्यात भेटली, मुलाच्या बिल्डिंगखाली भाजीचं टोपलं घेऊन बसलेली. मुलगा वर राहतो, सून वर येऊ देत नाही. म्हणाली, "मास्तर, कासारमामाचा आयकला असता ना, तर एक खोली तरी माजी म्हनाया असती. तुमी तवा त्याच्या बाजून बोललं असतं तर लोकांनी आयकला असता." तिला ठाऊक नव्हतं मी काय केलं ते. ती आपली सहज बोलली. मी भाजी घेऊन घरी आलो.

मामा माझ्याशी पूर्वीसारखेच वागले. इतकं अवघड मला दुसरं काहीच गेलं नाही. बाजारात दिसलो की हाक मारायचे, हात हातात घ्यायचे, अंगठ्याच्या मुळाशी दाबायचे. एकदा दुकानात कुणी नव्हतं तेव्हा मी सुरुवात केली, "मामा, त्या सभेच्या दिवशी..." त्यांनी गिऱ्हाइकाला द्यावा तसा पाट पुढे सरकवला. "बसा मास्तर. चहा निवतोय." मी चहा घेतला. धीर गोळा व्हायला मला जितका वेळ लागे तितका वेळ ते कधी रिकामा ठेवत नसत. मला वाचवत होते की स्वतःला, कोण जाणे.

माझ्या मुलीच्या लग्नात बायकोनं हट्टानं मामांनाच चुडा भरायला बोलावलं. मामा-मामी दोघंही आले. मी आतल्या खोलीत काहीतरी शोधत बसलो. बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं. मामी म्हणाल्या, "मास्तरांच्या घरातलं हे पहिलंच लग्न ना?" बायको म्हणाली, "हो ना, पहिलंच. ह्यांना बहीणभाऊ कुणी नाही." थोडा वेळ नुसत्या बांगड्या वाजत राहिल्या. मग मामांचा आवाज आला, "पोरी, हात सैल सोड. जातात त्या." मुलीनं नमस्कार केला तेव्हा त्यांनी "अखंड राहा" म्हटलेलं मी ऐकलं. मी बाहेर आलो तोवर ते निघून गेले होते, जेवायला थांबले नव्हते.

शेवटी मामा कामोठ्याच्या एका रुग्णालयात होते. हात सुजलेले, बोलणं क्षीण, पण डोळे जागे. मामी औषधं आणायला खाली गेल्या आणि मी खाटेशी एकटा राहिलो. मी त्यांचा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा घेतला होता. तेवढ्यात पक्षाची तीन-चार तरुण मुलं फळं घेऊन आली. त्यातला एक म्हणाला, "सर, तुम्ही होतात ना तेव्हा? विरोधकांनी बांगड्या दिल्या, ती गोष्ट सांगा ना. मामांनाही बरं वाटेल." मी एकदा मामांकडे पाहिलं. आणि मी सांगितली. सगळी सांगितली, नेहमीसारखी, विरोधकांची पुडी, गर्दीचा ओरडा, मामांचा नमस्कार. सवयीनं थांबायच्या जागी थांबलो, आवाज चढवायच्या जागी चढवला. मुलं भारावून ऐकत होती. मामा शेवटपर्यंत माझ्याकडे बघत होते. संपल्यावर म्हणाले, "छान सांगता, मास्तर." मग त्यांनी डोळे मिटले. मुलं म्हणाली, त्यांना झोपू द्या, आणि आम्ही सगळे बाहेर आलो. त्याच आठवड्यात मामा गेले.

त्या दिवशी घरून निघताना मी एक वाक्य पाठ करून गेलो होतो. रिक्षात ते पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं होतं. "मामा, त्या खोलीत सगळ्यांत आधी हो मी म्हटलं होतं आणि ती पुडीही मीच आणली होती, मला क्षमा करा." ते वाक्य खाटेपर्यंत माझ्याबरोबर आलं होतं.